मिंधा, लाभार्थी आणि बांडगूळ

प्रश्न असा आहे की सरकारी मदतीवर घर चालवणाऱ्याला 'मिंधा' म्हणायचं का, आणि स्वावलंबीच्या उलट नेमका शब्द कुठला.

शाळेतलं उत्तर परावलंबी, आणि ते चूक नाहीच. यातला 'लंब्' म्हणजे लटकणे, आपला घड्याळातला लंबक त्यातलाच. म्हणजे परावलंबी दुसऱ्याला धरून लटकलेला आणि स्वावलंबी स्वतःलाच धरून लटकलेला, आता हे कसं जमतं ते मला विचारू नका :)

पण परावलंबी नुसती अवस्था सांगतो, अंथरुणाला खिळलेला पेशंटही परावलंबीच असतो, त्यात टोमणा नाही. मिंधा म्हटलं की समोर उपकार करणारा कुणीतरी लागतो, ज्याच्यापुढे आवाज चढवता येत नाही. म्हणून तर भांडणात लोक "मी काय तुझा मिंधा नाही" म्हणतात, "तुझा परावलंबी नाही" असं कुणी म्हणालेलं ऐकलंय का? मग सरकारी पेन्शन घेणारा नक्की कुणाचा मिंधा? पैसे टॅक्सचे, आणि साबणाची वडी घेतली तरी टॅक्स तोही भरतोच. त्यामुळे माझ्या मते शब्द बसत नाही. हां, देणारा उठसूट "आम्ही दिले, लक्षात ठेवा" असं ऐकवायला लागला की मग बसतो, आणि तो बसवला देणाऱ्याने.

'लाभार्थी'ची तर गंमतच आहे. अर्थी म्हणजे इच्छिणारा, जसा विद्यार्थी. शेजारच्या काकूंचा फॉर्म भरत होतो, 'लाभार्थ्याचे नाव' वाचून त्या म्हणाल्या, "अरे अजून एक पैसा मिळाला नाही, लाभार्थी कसली मी?" म्हटलं काकू, शब्दाच्या हिशोबाने तुम्ही आत्ताच खऱ्या लाभार्थी, पैसे जमा झाले की नाही राहणार!

जुन्या कागदपत्रांत 'तगाई' सापडते, शेतकऱ्याला सरकार बी-बियाण्याला आगाऊ पैसे द्यायचं ती. मूळ अरबी, अर्थ बळ देणे, आपली 'कुवत' त्याच धातूतली. फेडावी लागायची हे खरं, पण शब्दात दान नाही की उपकार नाही, मला तरी 'अनुदान'पेक्षा हा जास्त आवडतो.

आणि कुणीतरी 'बांडगूळ' सुचवलंय. बांडगुळाची पानं हिरवी असतात हो, ते झाडाकडून पाणी आणि क्षार घेतं पण अन्न स्वतःच्या पानांत स्वतः बनवतं, म्हणजे अर्धं स्वावलंबीच की. जवळपास सगळंच आयतं ओढणारी वनस्पती हवी असेल तर अमरवेल म्हणा, पण नाव इतकं गोड आहे की शिवी लागायचीच नाही.