डेल कार्नेगी माणूस म्हणून कसे होते? त्यांची पुस्तकं वाचून खरंच काही फरक पडतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नुसती वाचून काही पडत नाही. पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल, कारण मित्र कसे जोडावेत आणि चारचौघांत कसं बोलावं हे शिकवणाऱ्या या अमेरिकन लेखकावरून माझं आणि माझ्या दाजींचं गेली पंधरा वर्षं वाजतंय.

दाजी हायस्कूलला मास्तर. त्यांचं म्हणणं ठरलेलं: "गोडबोल्या होता तो. हसून दाखवा, नावानं हाक मारा आणि माल खपवा. आडनावसुद्धा धड स्वतःचं नाही." आडनावाचं खरं आहे. घरचं स्पेलिंग वेगळं होतं. पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगींचा अमेरिकेत दबदबा होता, म्हणून यांनी आपलं स्पेलिंग तसंच करून घेतलं. नातं काडीचं नाही. दाजींचा दुसरा हुकमी पत्ता म्हणजे कार्नेगींचं पहिलं लग्न, जे १९३१ साली मोडलं. "ज्याला बायको टिकवता आली नाही तो जगाला मित्र जोडायला शिकवणार!" एवढं बोलून दाजी चहाची बशी उचलतात, विषय संपला.

दाजींनी नदीचं पान वाचलेलं नाही.

कार्नेगींचा जन्म १८८८चा, मिझुरी राज्यात मेरीव्हिलजवळच्या शेतावर. शेताला लागून नदी, तिचं नावच 'एकशेदोन'. सात वर्षांतली सहा वर्षं तिचा पूर मका आणि गवत घेऊन जायचा, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. डुकरं पोसावीत तर ती साथीत मरायची, जाळावी लागायची. तीस वर्षं राबून वडिलांच्या हातात कर्ज तेवढं उरलं. बँकवाल्यानं जप्तीची धमकी दिली, त्या दिवशी घरी येताना वडिलांनी पुलावर गाडी थांबवली, खाली उतरले आणि किती तरी वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. बायकोची देवावरची श्रद्धा आडवी आली म्हणून परत गाडीत बसलो, असं त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी मुलाला सांगितलं.

हे पान मी २०१०च्या उन्हाळ्यात वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. दोन दिवस हात लावला नाही.

आमची तासगाव तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा बाग ऐन फुलोऱ्यात. ज्यांची बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पानाच्या पाठीमागं पांढरी बुरशी, मग घड तपकिरी पडून गळायला लागले. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, रात्री बॅटरीच्या उजेडात औषध मारलं, पण डावणीनं, म्हणजे या बुरशीच्या रोगानं, काही ठेवलं नाही. गावच्या विकास सोसायटीचं कर्ज होतं, दुकानाची उधारी होती. एका पहाटे जाग आली तर आण्णा अंथरुणात नाहीत. विहिरीच्या कठड्यावर बसलेले, चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. मला काही बोलायला सुचलं नाही, शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मोटरचा आवाज बदललाय. बेरिंग गेलं वाटतं."

मोटर बंद होती.

तर असल्या घरातनं आलेला माणूस गोड बोलायला शिकला असेल, तर ते कशापायी शिकला हे तरी बघा, एवढंच माझं दाजींना म्हणणं. कॉलेजला राहण्या-जेवणाचा दिवसाचा एक डॉलर परवडेना म्हणून हा पोरगा घरून घोड्यावर जायचा. वक्तृत्व स्पर्धांत एकामागोमाग एक हरला. पुढे गावोगाव फिरून डुकराचं मांस, साबण आणि चरबी विकली. मग नट व्हायला न्यूयॉर्कला गेला, तिथंही जमलं नाही. ट्रक विकायला लागला, आणि तेही काम त्याला मनापासून नकोसं. खोली अशी, की सकाळी भिंतीवरचा टाय ओढला की मागनं झुरळं चहूकडं पळायची. १९१२ साली वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या रात्रीच्या वर्गात भाषण शिकवायचं काम मागितलं, रात्रीचे दोन डॉलर. ते नाही म्हणाले, फायद्यात हिस्सा देतो म्हणाले. हा तयार झाला.

आता माझं सांगतो. बाग गेल्यावर मी पिकांच्या औषधांच्या एका कंपनीत फिल्डवर लागलो. पहिली मीटिंग मारुतीच्या देवळात, सभामंडपात चाळीसेक शेतकरी. हातात कंपनीचा कागद. तिसऱ्या ओळीला वाचा बसली. कागद इतका हलत होता की त्याचा आवाज मलाच ऐकू येत होता. मागनं एक म्हातारे म्हणाले, "आरं पोरा, आदी पाणी पी." सगळे हसले. साहेबांनी मीटिंग उरकली आणि जीपमध्ये एवढंच म्हणाले, "तुला गोडाऊनला टाकू का?"

कार्नेगींचीही गाडी वर्गात सुरुवातीलाच अडकली होती. जवळचं बोलून संपलं, वेळ तर शिल्लक. मग त्यांनी समोरच्यांनाच उभं केलं, आणि ज्या गोष्टीचा तुम्हाला राग आला ती सांगा म्हणाले. माणूस रागाचं सांगायला लागला की भ्यायचं विसरतो, हे त्यांना तिथं सापडलं. माझ्या मते त्यांची खरी कमाई ही. मित्र जोडायचं ते गाजलेलं पुस्तक, 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल', फार नंतरचं, १९३६चं. प्रकाशनातला एक माणूस त्यांच्या व्याख्यानांना बसला होता, तो मागं लागला म्हणून झालं. पहिल्यांदा पाच हजार प्रतीच काढल्या होत्या.

महिन्याभरानं त्याच देवळात मी कागद खिशात ठेवला आणि आमचा नोव्हेंबर सांगितला. पावसाआधी मारायचं औषध आम्ही पाऊस उघडायची वाट बघत कसं लांबवलं, कुणाचं ऐकलं, किती खड्ड्यात गेलो. विहिरीचं नाही सांगितलं. कुणी हसलं नाही. मीटिंग सुटल्यावर तेच म्हातारे दंडाला धरून बागेत घेऊन गेले आणि एक पान उलटं करून माझ्यापुढं धरलं. "हे तेच का रं?" तेच होतं. त्या दिवशी माल किती गेला ते दाजींना मी सांगत नाही, कारण फारसा गेला नव्हता.

त्यामुळे पुस्तकात पेनानं रेघा मारून सोसायटीच्या वॉचमनकडे बघून हसणाऱ्यांना माझा सल्ला एकच. हसणं राहू द्या, ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत उठून दोन मिनिटं बोला. स्टेजवर धुरात नाचत येणारे हल्लीचे मोटिव्हेशनवाले दोन दिवसांचे जेवढे पैसे घेतात, तेवढ्यात एक फवारणी होते. त्यांचा आणि कार्नेगींचा संबंध लावू नका. या माणसानं स्वतःच्या मूर्खपणांची वेगळी फाईल ठेवली होती. सेक्रेटरीला सांगायला लाज वाटेल असले गाढवपणे तो स्वतःच्या हातानं लिहून तिच्यात टाकायचा. असली फाईल ठेवणारा वक्ता आज मला एक दाखवा.

आता थोडं त्यांच्या विरुद्धही लिहितो, नाहीतर भक्त म्हणाल. समोरचा खरोखर नालायक असेल तर काय करायचं, यावर त्यांच्याकडे उत्तर नाही. खोटी स्तुती करू नका असं त्यांनी बजावलंय, पण वाचणारे नेमकी तीच उचलतात, यात थोडा दोष लिहिणाऱ्याचाही. आणि घरात कुणी आण्णांसारखं पहाटे उठून बसत असेल, तर पुस्तक देऊ नका. शेजारी बसा आणि डॉक्टरकडे न्या. आम्ही नेलं नाही, ती आमची चूक. आण्णा सावरले हा नशिबाचा भाग. आता बाग भावाकडे आहे, आण्णा फक्त मोटर चालू-बंद करतात.

वाद जिंकायचा एकच मार्ग म्हणजे वाद टाळणे, असंही कार्नेगी सांगून गेलेत. हे मला पंधरा वर्षांत जमलेलं नाही, म्हणजे दाजींच्या बाजूनं एक मुद्दा धरा.

घ्यायचंच असेल तर चिंतेवरचं पुस्तक घ्या, 'हाऊ टू स्टॉप वरिइंग अँड स्टार्ट लिव्हिंग', १९४८चं. नदीचं पान त्यात आहे. माझी प्रत मागू नका. औषधाचा निळा डाग पडलेली ती प्रत दाजींनी "बघू तरी काय थापा मारल्यात" म्हणून नेली, त्याला चार वर्षं झाली. परत मागितली की म्हणतात, अजून वाचून व्हायचंय.