तार गावात आली, मग इंटरनेट कुठे अडलं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

खेड्यापाड्यांतल्या इंटरनेटविषयी आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरं अनेकांच्या उपयोगी पडतील, अशी काही इथे घेतली आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : ग्रामपंचायत कार्यालयात सरकारी योजनेतून फायबरची पेटी बसली. सुरुवातीला इंटरनेट चाललं, आता महिनोन्‌महिने बंद असतं. विचारलं की ‘वरूनच बंद आहे’ असं उत्तर मिळतं. वरून म्हणजे कुठून? आणि आम्ही काय तपासायचं?
— ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा

आधी जे तुमच्या हातात आहे ते तपासा, दहा मिनिटांचं काम आहे. पेटीवरचा पॉवरचा दिवाच लागत नसेल तर फायबरला दोष देऊ नका. मीटर चालू आहे का, बिल थकून वीज तोडली आहे का, अ‍ॅडॉप्टर जळला आहे का, ते बघा.

पॉवर आहे, पण ‘एलओएस’चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल आहे, याचा अर्थ फायबरमधून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोचत नाही. मग पेटीत खोचलेली पिवळी पॅचकॉर्ड पाहा. ती कपाटाच्या दारात चेंगरली किंवा खिळ्याभोवती आवळून गुंडाळली असेल, तर प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. साध्या फायबरला निदान ३ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण द्यावं लागतं. पॅचकॉर्डचं टोक हिरव्या रंगाचं असेल तर ते हिरव्याच सॉकेटात जायला हवं. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते आणि सिग्नल पडतो. टोक काढलंच तर परत लावण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. प्रकाश जिथून जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या सातव्या-आठव्या भागाइतका. धुळीचा एक कणही त्याला झाकतो. टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो.

आता ‘पॉन’चा दिवा. तो लुकलुकत राहिला तर प्रकाश येतो आहे, पण पलीकडचं यंत्र पेटीला ओळखत नाही. बदललेल्या पेटीचा नंबर नोंदवायचा राहिला की असंच होतं. दिवा स्थिर हिरवा असून इंटरनेट नसेल, तर तार शाबूत आहे आणि अडचण पुढच्या जोडणीत किंवा बँडविड्थच्या, म्हणजे वरून विकत घेतलेल्या वेगाच्या, करारात आहे.

‘वरून’ म्हणजे बहुधा तालुक्याचं एक्स्चेंज आणि तुमचं गाव यांच्यामधून. ही योजना ऑक्टोबर २०११मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली, २०१५मध्ये तिचं भारतनेट झालं, आणि डिसेंबर २०१७अखेर पहिल्या टप्प्यातल्या १ लाखावर ग्रामपंचायतींपर्यंत फायबर गेली. पण हा टप्पा एकमार्गी होता. तालुक्याहून निघालेली तार एकामागून एक गावं घेत जाते. पहिल्या गावाजवळ ती तुटली की पुढची सगळी गावं बंद. तार १.६५ मीटर खोल गाडायची असा दंडक आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळात तेवढं खोदणं महाग पडतं, म्हणून ठिकठिकाणी ती वर राहते. पुढे रस्ता रुंद करायला किंवा नळपाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी येतो आणि तार उचकटली जाते. घाईघाईत जोड मारून तो नीट बंद केला नाही, तर पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं. दुसऱ्या टप्प्यात वर्तुळाकार मार्ग धरला गेला, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने रहदारी चालू राहावी. ऑगस्ट २०२३मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, त्यात जुन्या एकमार्गी तारांचीही वर्तुळं करायची आहेत आणि देखभालीसाठी वेगळी तरतूद आहे. आमच्या मते ही देखभालीची तरतूद पहिल्या दिवसापासून हवी होती. तार टाकल्याचे पैसे मिळत होते, ती चालू ठेवल्याचे नव्हते.

तक्रारीत ‘इंटरनेट बंद’ एवढंच लिहू नका. ‘अमुक तारखेपासून एलओएस लाल, वीज चालू, शेजारची अमुक दोन गावंही बंद’ असं लिहा. शेजारची गावं बंद असल्याचं कळलं की दुरुस्ती पथकाला तार कुठल्या पट्ट्यात तुटली याचा अंदाज येतो. एक्स्चेंजमधून ओटीडीआर यंत्र लावलं की तुटीपर्यंतचं तारेचं अंतर मीटरमध्ये कळतं. पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर तक्रार क्रमांकासह केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे टाका. आणि स्वतःच्या गावात खोदकाम असेल तेव्हा ठेकेदाराला आधी ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी अ‍ॅपवर जागा नोंदवायला लावा. मार्च २०२३पासून ही सोय आहे. कामाच्या ठरावातच ती अट घालता येते.

प्रश्न : भारतात इंटरनेट कधी आलं आणि खेड्यात कधी? महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी हवं आहे.
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने, मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या शहरांत. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आजचा ३ एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरायला चाळीस मिनिटांहून जास्त लागली असती. नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट असं ठरलं. ती व्याख्या जानेवारी २०२३मध्ये २ मेगाबिटवर आली.

तुमचा प्रकल्प मात्र घराजवळच आहे. १९९८मध्ये वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक केंद्रं उभी राहिली. शेतीची माहिती, बाजारभाव असं बरंच काही द्यायचं ठरलं होतं, पण शेतकऱ्यांनी त्यांचा खरा उपयोग केला तो उसाचं वजन, तोडणी आणि बिलाच्या नोंदी बघायला. पुढे काही गावांत संगणक काढून तीच माहिती साध्या मोबाइलवर एसएमएसने देऊन पाहिली, आणि ती सोयीची ठरली. त्या भागातल्या ऊस उत्पादकांच्या मुलाखती घ्या. खेड्यात इंटरनेट ‘येणं’ आणि ‘वापरलं जाणं’ यांतलं अंतर तिथे जितकं स्पष्ट दिसेल तितकं आकडेवारीत दिसणार नाही. बहुसंख्य खेड्यांना इंटरनेट प्रत्यक्ष मिळालं ते तारेने नव्हे, मोबाइलने. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले तेव्हा.

प्रश्न : मी केबल व्यवसायात आहे. ७ किलोमीटरवरच्या वाडीत ४० घरांना फायबर द्यायची आहे. एका पोर्टवर भागेल का? पहिल्या प्रयत्नात निम्म्या घरांत लाल दिवा आला.
— केबल व्यावसायिक, नाशिक जिल्हा

भागेल. पण वाटणी कागदावर करून मग हत्यारं उचला. हिशेब असा. ओएलटीच्या, म्हणजे तुमच्या टोकाच्या प्रकाश पाठवणाऱ्या यंत्राच्या, बी-प्लस मॉड्यूलमधून साधारण +३ डीबीएम प्रकाश निघतो (प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, घट डीबीमध्ये). ७ किलोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डीबी घट धरा, २.४५ डीबी गेले. आधी १:८चा एक स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश आठांत वाटणारा), मग वाडीत १:८चे पाच. एकेकाला साडेदहा, दोन्ही टप्प्यांचे मिळून २१ डीबी. चार कनेक्टरचे २, सहा जोडांचे ०.६. एकूण घट २६.०५, म्हणजे घरात सुमारे उणे २३ डीबीएम मिळतात. घरची पेटी उणे २७ पर्यंत ऐकते. मध्ये ४ डीबी शिल्लक. ही शिल्लक खर्च करू नका. उन्हाळ्यातल्या आणि पावसाळ्यातल्या दोन-तीन दुरुस्तीजोडांसाठीच ती आहे. पहिल्या स्प्लिटरची तीन टोकं मोकळी उरतात, ती पुढच्या घरांना कामाला येतील.

निम्म्या घरांत लाल दिवा येण्याचं नेहमीचं कारण असं असतं : घरं वाढली की माणूस शेवटच्या डब्यात १:२ किंवा १:४ जादा लावतो. १:४ने ७ डीबीच्या वर जातात. उणे २३चं उणे ३० होतं आणि त्या डब्यामागची सगळी घरं बंद पडतात. प्रत्येक डब्यावर मीटरने मोजलेला आकडा आणि तारीख मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी बिघाड कुठल्या डब्यात आहे ते शिडी न लावता निम्मं कळेल. ओएलटीच्या अगदी जवळच्या घरात उलटी अडचण येते, उणे ८ पेक्षा जास्त प्रकाश गेला तर पेटी दिपते. तिथे प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावावा.

प्रकाश पुरला म्हणजे वेग पुरला असं नाही. पोर्ट २.५ गिगाबिटचा असतो, पण तुम्ही वरून २०० मेगाबिटच घेत असाल तर रात्री नऊला ४० घरं तेवढ्यातच वाटून घेणार. बँडविड्थ परवडत नसेल तर सुधारित भारतनेटमधली उद्यमी योजना पाहा. त्यात गावातल्या जोडण्यांच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा स्थानिक उद्यमीला मिळतो.

प्रश्न : शाळा एका डोंगरावर, फायबर समोरच्या गावात. मध्ये दरी. अंतर २ किलोमीटर. वायरलेस जोडणी उन्हाळ्यात उत्तम चालली, पावसाळ्यात तुटायला लागली. पावसामुळे का?
— शिक्षक, रायगड जिल्हा

पावसामुळे नव्हे, पानांमुळे असण्याची शक्यता जास्त. अशा जोडणीच्या नेहमीच्या ५.८ गिगाहर्ट्झ लहरींवर २ किलोमीटरला पावसाने फारसा फरक पडत नाही; ओल्या पानांनी खूप पडतो. मे महिन्यात झाडं निष्पर्ण असताना समोरची अँटेना दिसते आणि जोडणी पास होते. नुसतं दिसणं पुरत नाही. लहरींना सरळ रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. २ किलोमीटरच्या मध्यावर त्या पट्ट्याची त्रिज्या ५ मीटर असते आणि त्यातले निदान ३ मीटर तरी मोकळे हवेत. दोन्ही टोकांचे खांब दीड-दोन मीटरने उंच करा किंवा शाळेच्या दुसऱ्या कोपऱ्यावरून झाड टाळता येतं का बघा. बसवायची वेळ तुमच्या हातात असेल तर सप्टेंबरात बसवा. तेव्हा चाललं तर वर्षभर चालेल.

खांबापासून खालच्या पेटीपर्यंतची कॅट-६ केबल बाहेरच्या वापराची, जाळीवाली घ्या. लांबी १०० मीटरच्या आत हवी. खांबाला आणि सर्ज प्रोटेक्टरला अर्थिंग द्या. वळवाच्या विजांनी वायरलेसची यंत्रं जळतात ते बहुतेक या केबलमधून.

प्रश्न : मोबाइलला सगळ्या दांड्या दिसतात, तरी रात्री व्हिडिओ चालत नाही.
— वाचक, बीड

दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा आहे ते सांगतात, टॉवरकडे तुमच्यासाठी वेळ किती आहे ते नाही. पहाटे पाचला आणि रात्री नऊला वेग मोजा. पहाटे चांगला आणि रात्री पडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. दुसऱ्या कंपनीचं सिम तिथेच चालवून बघणं हाच व्यवहारी उपाय. दोन्ही वेळी वाईट असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसमधला सिग्नलचा आकडा पाहा. उणे ९० डीबीएम ठीक, उणे ११०च्या खाली कमकुवत. बाजारात मिळणारा बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यांचं नेटवर्कही बिघडतं.

प्रश्न : भारनियमनात राउटर चार तास चालवायचा आहे. इन्व्हर्टर घ्यावा का?
— गृहिणी, जालना जिल्हा

नुसत्या राउटरसाठी नको. मोठा इन्व्हर्टर चालू राहण्यासाठीच १०-२० वॅट खातो, राउटरची पेटी खाते ८-१०. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण खोक्यावरच्या एमएएचला (बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याला) भुलू नका. १०,००० एमएएच हा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. रूपांतरात थोडे जाऊन ३१ उरतात आणि ९ वॅटला साडेतीन तास पुरतात. तुम्हाला चार तास हवेत, तर खोक्यावर ४५ वॅट-तास किंवा जास्त लिहिलेलं बघा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी थेट राउटरला जोडू नका, चार्ज होताना ती १३.८ व्होल्टपर्यंत चढते.

विकत घेण्याआधी एक खात्री करा. वीज गेल्यावर राउटर शेजाऱ्याच्या इन्व्हर्टरवर लावून बघा. तरीही एलओएस लाल होत असेल, तर ऑपरेटरच्या टोकाला बॅकअप नाही आणि तुमचा यूपीएस उपयोगाचा नाही. तिकडे आधी बॅटरी बसायला हवी.

प्रश्न : किराणा दुकानातून वाय-फाय विकता येईल का?
— दुकानदार, नंदुरबार जिल्हा

येईल. डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदार पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे वाय-फाय विकणारं केंद्र, होऊ शकतो. त्याला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क नाही. तुम्ही एका एग्रीगेटरशी जोडून घ्यायचं. ग्राहकांची ओळख, ओटीपी, कूपन आणि हिशेब तो सांभाळतो. तुमच्याकडे योजनेला चालणारा वाय-फाय राउटर, ब्रॉडबँड आणि वीज हवी. घरगुती प्लॅनचा पासवर्ड गिऱ्हाइकांना वाटू नका. त्यावरून कोणी काही गैर केलं तर नोंद तुमच्या नावाची निघेल. ब्रॉडबँड महाग पडत असे ही आजवरची मोठी अडचण होती. दूरसंचार नियामक ट्रायच्या जून २०२५च्या आदेशानुसार २०० मेगाबिटपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पब्लिक डेटा ऑफिसला दुपटीपेक्षा जास्त दराने देता येत नाहीत. कंपनीने जास्त सांगितलं तर हा आदेश दाखवा. राउटर गल्ल्यामागे ठेवू नका, दुकानाबाहेरच्या भिंतीवर अडीच-तीन मीटर उंचीवर, पत्र्याच्या आडोशाला न जाता बसवा. पत्रा वाय-फाय अडवतो आणि गिऱ्हाईक ओट्यावर बसून वापरणार असतं.