बेळगावच्या सांबरा विमानतळावरची विमानं बघत वाढलेल्या पोराला

बाळा, वैमानिक व्हायचंय असा खानापूरहून तुझा निरोप मिळाला, लई बरं वाटलं. आधी एकच कर. उड्डाण शाळेची फी भरायच्या आधी डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, क्लास २ (प्राथमिक) आणि मग क्लास १ (व्यावसायिक परवान्यासाठीची) वैद्यकीय तपासणी करून घे. शेत गहाण टाकून प्रवेश घेतलेली पोरं पुढं तपासणीत अडकतात, ते बघवत नाही रे.

वैमानिकाचं काम विमान उडण्याआधीच सुरू होतं. हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठी निघालेल्या सूचना), वजन, इंधन. जेटला मुक्कामापर्यंतचं आणि पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन धरून वर ३० मिनिटांचं राखीव लागतं. जुलैत सांबऱ्यावर ढग कसे खाली टेकतात ते तू बघितलंयस, तेव्हा ह्या हिशोबाची किंमत कळते.

नवीन पोरं हमखास चुकतात ते असं:
- पाठ आहे म्हणून चेकलिस्ट वाचत नाहीत. मीही तेच केलं होतं. प्रशिक्षकांनी इंजिन बंद करायला लावलं आणि पहिल्या ओळीपासून परत वाचून घेतली.
- टाकीतल्या इंधनाचा नमुना काढून पाणी आहे का बघत नाहीत.
- लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, वेळच्या वेळी भरत नाहीत.
- दमलोय हे लपवतात. सरळ सांगायचं.

उड्डाणाआधी १२ तास दारू बंद, हा नियमच आहे. रात्रीचं उड्डाण, उपकरणांवरचं उड्डाण (बाहेर दिसत नसताना नुसती उपकरणं बघून) नंतर बघू. तपासणीची तारीख मिळाली की कळव.