आठ महिने परदेशात : बॅग नंतर, आधी दिवस मोजा

मार्चमध्ये युरोपपासून सुरुवात, पुढे थायलंड-व्हिएतनाम, एकूण आठ महिने. तर बॅगेत काय काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. बॅगेचा एवढा घोर नको. छत्री, कपडे, चार्जर सगळीकडे मिळतात. एवढ्या लांबच्या प्रवासाचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा दिवस मोजण्यात आणि ओटीपीत.

युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो तो शेंगेन व्हिसा. त्याच्या स्टिकरवर तीन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती दिवस राहता येईल, आणि किती वेळा आत जाता येईल. सहा महिन्यांची मुदत दिसली की लोक खूश होतात, पण दिवसांच्या रकान्यात ३० असेल तर ३०च. प्रवेश एकच असेल तर शेजारच्या, पण शेंगेनबाहेरच्या अल्बानियात पाऊल टाकलं की तो व्हिसा संपला.

दिवस ९० मिळाले तरी ते कोणत्याही १८० दिवसांतले. आल्याचा आणि गेल्याचा दिवसही धरतात. १ मार्चला आत गेलात तर २९ मेला ९० भरले, त्या दिवशी बाहेर पडायलाच हवं. परत पाऊल ठेवता येईल ते २८ ऑगस्टला, तेही व्हिसाची मुदत तोवर शिल्लक असेल तर. 'एक दिवस बाहेर जाऊन आलो की मोजणी नव्याने सुरू' हा गैरसमज अजून फिरतोय. मोजणी रोज मागे १८० दिवस बघून होते. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद व्हायला लागली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्यावर भिस्त ठेवू नका.

शेंगेनबाहेर काढायचे मधले दिवस क्रोएशिया किंवा रोमानिया-बल्गेरियात काढा, हा सल्ला जुन्या लेखांत सापडेल. तो आता बाद आहे. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, उरलेले दोघे जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे.

दुसरं, शेंगेनचा अर्ज जिथे तुम्ही कायदेशीर रहिवासी आहात तिथूनच करायचा असतो. बँकॉकमध्ये पर्यटक म्हणून बसून तो साधारणपणे घेत नाहीत. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून युरोप सुरुवातीला ठेवलात ते बरोबरच. सोबतच्या विम्यात वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं. पासपोर्ट शेंगेनमधून निघाल्यावर आणखी तीन महिने वैध हवा. आग्नेय आशियात बहुतेक ठिकाणी सहा महिने मागतात. त्यामुळे शेवटच्या देशापासून उलटं मोजा, आणि कोरी पानंही.

आता ओटीपी. भारतीय सिम निघण्याआधीच रोमिंगवर टाका, प्रीपेड असेल तर आठ महिन्यांचं रिचार्ज कोण मारणार ते घरी ठरवून ठेवा. त्या सिमचा डेटा बंद, डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम. फोन हरवला तर नुसता नवा फोन घेऊन भागत नाही: यूपीआय अॅप पुन्हा जोडायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो, आणि डुप्लिकेट सिम परदेशात सहसा मिळत नाही. म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डं, एक पाकिटात, एक बॅगेच्या तळाशी. कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंद असतो. एटीएम, दुकान आणि ऑनलाइन ही तिन्ही बटणं बँकेच्या अॅपमध्ये वेगवेगळी चालू करावी लागतात. मशीनने 'रुपयांत कापू का?' विचारलं तर नाही म्हणा, तो दर बहुतेक वेळा महाग पडतो. साध्या क्रेडिट कार्डावर ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) आणि त्यावर जीएसटी धरला तर लाखामागे चार हजारांवर जातात.

व्हिएतनाममध्ये स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय करारातला, व्हिएतनाम मानतो तो १९६८चा. भाड्याने देणारा विचारत नाही, पण अपघात झाला की विमा कंपनी नक्की विचारते.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी घटकाचं नाव. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत, त्या चौकशी केल्याशिवाय नेऊ नका. भाजणी-मेतकूट न्या खुशाल. तूप आणि पनीर मात्र युरोपात चालत नाही, दुग्धजन्य पदार्थ विमानतळावरच काढून घेतात.