ओ हॅप्लोग्रुप जर चिनी आहे, तर तो मुंडा-संथाळ लोकांमध्ये कसा काय?

प्रश्न असा आहे की ओ हॅप्लोग्रुप (हॅप्लोग्रुप म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या वंशाचा गट, इथे बापाकडच्या) चीन-जपानकडचा म्हणतात, मग झारखंड-ओडिशातल्या मुंडा, संथाळ, हो या लोकांच्या डीएनए टेस्टमध्ये तो इतका का निघतो, आणि मग ते मूळचे चिनी का. चिनी नाहीत. त्यांच्या बापाकडची एक धार पूर्वेकडून आलीय एवढं पक्कं आहे, बाकीचं जरा नीट सांगावं लागेल.

आधी ओ म्हणजे काय ते बघू. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो, मधे कधीतरी कॉपी होताना एखाद्या अक्षराची चूक होते आणि ती चूक पुढे त्या माणसाच्या सगळ्या मुला-नातवांत उतरत राहते, वंश शोधायचा तो या चुकांवरून. ओ ची खूण म्हणजे एम१७५, आणि तिथे एक अक्षर बदललेलं नाहीये तर टी-टी-सी-टी-सी अशी पाच अक्षरं सलग गळूनच गेलीयत. तीसेक हजार किंवा त्याहून जास्त वर्षांपूर्वी कुठल्यातरी एका पुरुषात ती गळली आणि आज हान चिनी, कोरियन, व्हिएतनामी, फिलिपिनो, संथाळ मिळून कोट्यवधी पुरुष तेच भगदाड घेऊन फिरतायत. त्यामुळे ओ ला 'चिनी' म्हणण्यात काही अर्थ नाही, तेव्हा चीन नव्हता, शेती नव्हती, आज बोलतात त्यातली एक भाषा नव्हती.

ओ चा सख्खा भाऊ एन, तो उत्तरेला सायबेरियात गेला आणि पार फिनलंडपर्यंत पोचला. सायबेरियात उस्त-इशिमला सापडलेल्या ४५ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा डीएनए २०१४ साली वाचला गेला, तो या दोघा भावांच्या खोडाच्या अगदी जवळचा निघाला. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे सोशल मीडियावर ज्याच्यावरून रोज हाणामाऱ्या चालतात तो आर१ए (आर्य बाहेरून आले की नाही या वादातला हॅप्लोग्रुप) सुद्धा जरा मागे गेलं की याच खोडाला येऊन मिळतो, म्हणजे लांबचा का होईना चुलतभाऊच.

आता पसरला कसा. हजारो वर्षं ओ च्या फांद्या पूर्व आशियात शिकारी टोळ्यांमध्येच होत्या, एकूण माणसंच कमी. उसळी आली ती शेतीनंतर. उत्तरेला पीत नदीच्या खोऱ्यात राळा आणि तसलीच बारीक धान्यं, दक्षिणेला यांगत्सेच्या खोऱ्यात भात. पोट भरलं की पोरं जगतात, आणि ज्या घरात जमीन-सत्ता बापाकडून मुलाकडे जाते तिथे काही मोजक्या पुरुषांचा वंश बेफाम वाढतो. २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की आजच्या चीनमधले साधारण ४० टक्के पुरुष फक्त तीन पूर्वजांचे वंशज आहेत, तिघेही साधारण ५ ते ७ हजार वर्षांपूर्वीचे आणि तिघेही ओ च्या एम१२२ या फांदीतले. तीन माणसं! ते राजे असतील असं काही नाही, पिढ्यान्पिढ्या मुलगे जगत गेले आणि त्यांचे मुलगे जगत गेले एवढं पुरतं.

हान लोक नंतर दक्षिणेकडे सरकत गेले तेव्हाही हाच प्रकार. २००४ च्या अभ्यासात उत्तर आणि दक्षिण चीनमधल्या हान लोकांची बापाकडची बाजू बरीच सारखी निघाली आणि आईकडची बरीच वेगळी, म्हणजे पुरुष जास्त संख्येनं खाली आले आणि लग्नं तिथल्याच बायकांशी झाली. जपानमध्ये भातशेती घेऊन जे कोरियाच्या बाजूनं आले त्यांच्याबरोबर ओ ची वेगळी फांदी गेली, पण तिथल्या जुन्या जोमोन लोकांचा डी हॅप्लोग्रुप आजही साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या जपानी पुरुषांत टिकून आहे. उलटं उदाहरण पण आहे. तैवानच्या मूळ रहिवाशांत ओ भरपूर, त्यांच्या नात्यातल्या भाषा बोलणारे लोक बोटींनी फिलिपिन्स, इंडोनेशिया करत पॉलिनेशियापर्यंत गेले, पण पॉलिनेशियात पोचेपर्यंत आईकडची धार जवळजवळ पूर्ण आशियाई राहिली आणि बापाकडची दोन-तृतीयांश न्यू गिनीच्या बाजूची झाली. म्हणून 'पुरुष गेले आणि बायका तिथल्या' हा काही निसर्गनियम नाही, लग्नानंतर कोण कुणाच्या घरी राहायला जातं यावर बरंच ठरतं.

(चंगेझ खान विचारणारे येतीलच म्हणून सांगून टाकतो, मध्य आशियातले लाखो पुरुष त्याचे वंशज असावेत म्हणणारा २००३ चा तो गाजलेला पेपर ओ वर नाही, सी हॅप्लोग्रुपवर आहे. आणि चंगेझचं थडगंच सापडलेलं नाही, त्यामुळे तो वंश त्याचाच हे कुणी सिद्ध केलेलं नाही.)

आता तुमचा मूळ मुद्दा. भारतात ओ दोन वेगवेगळ्या दारांनी आलाय आणि लोक इथेच गल्लत करतात. ईशान्येला नागा, मिझो, मणिपुरी वगैरे तिबेटो-बर्मन भाषावाल्यांत मुख्यतः एम१२२ ची फांदी आहे, म्हणजे उत्तर चीनच्या राळावाल्या शेतकऱ्यांचे नातेवाईक. मुंडा लोकांत जी आहे ती एम९५, आणि हिचं माहेर बहुधा खाली, दक्षिण चीन ते लाओस-व्हिएतनामच्या पट्ट्यात. या दोन फांद्या एकमेकींपासून फुटून शेतीपेक्षा कितीतरी जास्त काळ झालाय. मेघालयातले खासी मधे येतात, त्यांच्यात दोन्ही सापडतात.

मुंडा-संथाळ-हो मध्ये निम्म्याहून जास्त पुरुष एम९५ चे, जमातीगणिक कमी-जास्त. आणि आईकडचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बघाल तर जवळजवळ सगळाच भारतीय, आजूबाजूच्या इतर लोकांसारखा. अख्खा जीनोम, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला सगळा डीएनए घेतला तर पूर्वेकडचा वाटा साधारण पाव. म्हणजे आलेल्यांत पुरुष जास्त होते, इथल्याच बायकांशी संसार केला, आणि पोरं भाषा मात्र बापाची बोलायला लागली. ती भाषा ख्मेर (कंबोडियाची भाषा) आणि व्हिएतनामीच्या कुटुंबातली आहे, चार म्हणायला संथाळीत पोन आणि व्हिएतनामीत बोन. 'मग त्यांचे चेहरे तसे का नाहीत' हे नेहमी विचारलं जातं, त्याचं उत्तरही यातच आहे: पाव वाटा आणि त्यावर शेकडो पिढ्या नाही तरी शंभरेक पिढ्या उलटलेल्या. पूर्व आशियात जाड सरळ केसांशी जोडलेला ईडीएआर जीनचा जो प्रकार आहे तो नागांमध्ये भरपूर आणि मुंडांमध्ये अगदी थोडा मिळतो.

हे कधी झालं यावर मात्र जोरदार भांडण होतं. २००७ च्या एका पेपरनं एम९५ ची सुरुवात भारतातच झाली, तीही ६५ हजार वर्षांपूर्वी, असं म्हटलं होतं, आणि ते अजूनही नेटवर फिरतं. पण त्यातच दिलेली शक्यतेची रेंज बघा, साधारण २५ हजारापासून १ लाख ३२ हजारापर्यंत! एवढ्या रुंद रेंजवर घर बांधायचं कसं. तेव्हा वाय क्रोमोसोमवरच्या छोट्या छोट्या रिपीट (पुन्हापुन्हा येणारे अक्षरांचे तुकडे) मोजून वय काढायचे आणि त्या बदलायचा वेग कोणता धरायचा यावरच उत्तर तिप्पट इकडचं तिकडे व्हायचं. पुढे पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचणं आलं आणि २०१९ च्या जीनोमच्या कामात हे मिश्रण २००० ते ३८०० वर्षांपूर्वीचं निघालं, पूर्वेकडच्या बाजूला सगळ्यात जवळचे नातेवाईक लाओसकडचे. मला हेच पटतं, कारण आग्नेय आशियात भातशेतीवाले पसरल्याचा पुराव्यातला काळही ४ हजार वर्षांच्या आसपासचाच आहे.

वाटेबद्दल दोन मतं. जुनं मत आसामच्या बाजूनं जमिनीवरून आले असं. भाषावाल्यांपैकी काहींनी २०१९ मध्ये मांडलेलं मत असं की समुद्रानं येऊन महानदीच्या मुखाशी ओडिशात उतरले आणि तिथून आत डोंगरात गेले. मला दुसरं जरा जास्त रुचतं कारण मुंडा भाषांची विविधता ओडिशाच्या बाजूला दाटलीय, पण हाडांचा जुना डीएनए त्या पट्ट्यातून हाती येईपर्यंत पैज लावणार नाही, तिथल्या गरम दमट मातीत डीएनए टिकतच नाही फारसा.

या पसाऱ्याचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक आपल्या महाराष्ट्रात आहे. मेळघाटातले कोरकू, त्यांची भाषा मुंडा कुटुंबातली, म्हणजे शेजारच्या गोंडीपेक्षा आणि आपल्या मराठीपेक्षा संथाळीशी नातं. अमरावतीचे लोक सुद्धा बऱ्याचदा 'ती गोंडीचीच बोली' असं ठोकून देतात, ते साफ चूक आहे.

एक प्रॅक्टिकल सूचना, स्वतः वाचायला घेतलंत तर. या फांद्यांची नावं २०१६ च्या सुमारास बदलली. जुन्या पेपरात ओ३ म्हणजे आत्ताचा ओ२, आणि जुन्यातला मुंडांचा ओ२ए आता ओ१बी च्या खाली गेलाय. त्यामुळे जुना पेपर आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून नुसती अक्षरं जुळवलीत तर संथाळ थेट हान चिन्यांच्या फांदीवर जाऊन बसतील, आणि 'ते चिनी' वाल्या बऱ्याच पोस्टी अशाच निघालेल्या दिसतात. एम१७५, एम१२२, एम९५ हे मार्करचे नंबर बदलत नाहीत, ते धरून वाचा.