गोठ्यातले गोचीड आणि रानातले गोचीड

प्रश्न : आमचे गाव चंदगड तालुक्यात आहे. घरी चार म्हशी असून त्यांच्या कानांतले गोचीड मी बोटांनीच ओढून दगडावर चिरडतो. धाकटा भाऊ दर वर्षी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला काजूच्या बागेत कामाला जातो. तिकडच्या माकडतापाचे ऐकल्यापासून आई धास्तावली आहे. आमच्या गोठ्यातल्या गोचिडांमुळे हा ताप होईल का? घरात उंदीरही पुष्कळ आहेत.
– एक वाचक, चंदगड (जि. कोल्हापूर)

उत्तर : आईंची काळजी रास्त आहे, मात्र तिचा रोख गोठ्यापेक्षा भावाच्या कामाच्या जागेकडे असायला हवा. माकडतापाचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम सापडला आणि पुढे सह्याद्रीच्या रांगेने सरकत गोवा व सिंधुदुर्गापर्यंत आला. तो पसरवणारे गोचीड मुख्यतः जंगलातले असतात. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली पाचोळ्यात उतरतात, आणि तिथे काजू वेचायला किंवा सरपणाला गेलेल्या माणसाला त्यांची तिळाएवढी पिल्ले चावतात. ती इतकी बारीक असतात की चावल्याचे बहुधा कळतही नाही. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

म्हशींच्या अंगावर गोठ्यात वाढणारे गोचीड सहसा निराळ्या जातींचे असतात. तरीही जनावर रानात चरत असेल, तर जंगली गोचिडाला त्याच्या रक्तावर पोसले जाण्याची संधी मिळते. शिवाय 2011 मध्ये गुजरातेत आढळलेल्या क्रिमियन-काँगो तापाचा विषाणू जनावरांवरच्याच गोचिडांतून येतो आणि गोचीड उघड्या हाताने चिरडल्यानेही तो शरीरात जाऊ शकतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की दगडावर चिरडण्याची ही सवय आजच सोडावी. हातमोजे घालून, बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरावा, सरळ ओढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा आणि हात स्वच्छ धुवावेत. माणसाच्या अंगावरचा गोचीडही असाच काढावा. त्यावर रॉकेल किंवा चुना लावू नये, काडीचा चटका देऊ नये.

हा ताप प्रामुख्याने डिसेंबर ते मे या काळात आढळतो, आणि काजूचा हंगामही नेमका त्यातच येतो. भावाने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोचावा आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा व कानांमागची जागा नीट तपासावी. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वनखात्याला कळवावे. घरी परतल्यावर आठवडाभरात एकाएकी जोराचा ताप, असह्य डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाल्यास डॉक्टरांना आधी ‘दोडामार्गच्या रानात होतो’ एवढे सांगावे, कारण या वाक्याअभावी पुष्कळदा डेंग्यूच्याच तपासण्या होत राहतात. या विषाणूवर खास औषध नाही. पण वेळेवर सलाइन आणि देखरेख मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. रक्तस्रावाचा धोका असल्याने अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.

उंदरांचे थोडे वेगळे आहे. पंचगंगेच्या पुरानंतर ज्याची चर्चा होते तो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) हा विषाणूचा नव्हे, जिवाणूचा आजार आहे, त्यामुळे त्यावर प्रतिजैविके चालतात. उंदरांतून येणारा हंता विषाणू मात्र वाळलेल्या लेंड्या व मूत्र यांच्या धुळीतून श्वासावाटे शिरतो. यासाठी माळ्यावरच्या लेंड्या कोरड्या झाडू नयेत; त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, थोडा वेळ थांबून, ओल्या फडक्याने त्या पुसून घ्याव्यात.