लॅपटॉपची सी ड्राइव्ह लाल झालीय, गुगलपण स्टोरेज फुल म्हणतंय, आता नवीनच घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप सात-आठ वर्षं जुना आहे, सी ड्राइव्हमध्ये जागा नाही, जीमेलवर रोज वॉर्निंग येते आणि दुकानवाला म्हणतोय नवीनच घ्या. जरा थांबा. मी सांगलीत मार्केट यार्डातल्या दोन-तीन अडत दुकानांचं हिशोबाचं काम घरून करतो, हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), बिलं, जीएसटीचे कागद, सगळं तुमच्यासारख्याच जुन्या मशिनवर, त्यामुळं जागा कुठं जाते हे मला कायम बघायला लागतं. आधी काय भरलंय ते बघायचं, मग काढायचं, आणि एवढं करूनही भागलं नाही तरच खिशात हात घालायचा. बरेच लोक आधी पैसे भरतात आणि तीच अडगळ नव्या मशिनवर कॉपी करतात, मला हे बघून खरंच वाईट वाटतं.

पण काहीही डिलीट करायच्या आधी एक कॉपी काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. दुसऱ्या घरात हे मुद्दाम सांगतोय. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी तिथं ४५ आहे, आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही गेलं. हिशोब कागदांवरनं परत उभे केले, पण वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांचे फोटो कुठनंच मिळाले नाहीत. आता एक डिस्क बहिणीकडं विट्याला असते, वर्षातनं दोन-तीनदा जाणं होतं तेव्हा इकडची तिकडं बदलून आणतो.

आता गुगलचं. फुकटची जागा १५ जीबी, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, १ जून २०२१पासून नवे फोटो पण त्यातच मोजतात आणि २०२४पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. लय जणांचं इथंच भरतंय. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपला जाऊन 'इनक्लूड व्हिडिओज' बंद करा. तिथंच सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे, ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि खूपदा फॉरवर्ड झालेलं सगळं वेगळं काढून दाखवतं, गुड मॉर्निंगचे व्हिडिओ एका झटक्यात जातात. ऑटो डाउनलोड पण बंद करून टाका, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

जीमेलमध्ये शोधायच्या चौकटीत इंग्रजीत 'लार्जर', मग कोलन, मग '१०एम' असं जागा न सोडता टाइप करा, १० एमबीच्या वरचे सगळे मेल समोर येतात. नको ते उडवा आणि ट्रॅश रिकामा करा, नाहीतर ३० दिवस ते तिथंच पडून जागा खातात.

फोटोंच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात माझ्या ओळखीतल्या एका काकूंचे नातवाच्या बारशाचे फोटो गेले. फोनमध्ये बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधनंही जातो आणि गुगलवरनंही जातो. फक्त फोनची जागा मोकळी करायची असेल तर त्याच ॲपमध्ये 'फ्री अप स्पेस' आहे ते वापरायचं, ते गुगलवरचा फोटो ठेवतं. चुकून डिलीट झालंच तर बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, काकूंनी सांगितलं तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. आणि गुगलवरचीच जागा कमी करायची असेल तर कॉम्प्युटरवर गुगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' बघा, ते जुने मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणि व्हिडिओ १०८० पिक्सेलवर आणतं. मोबाइलवर बघायला काही फरक जाणवत नाही, पण मूळ क्वालिटी परत मिळत नाही, म्हणून वरची कॉपी आधी.

लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज असं जा, कशानं किती खाल्लंय ते दिसतं. टेम्पररी फाइल्स काढताना यादीत डाउनलोड्स पण असतं, त्यावर टिक करू नका, आपल्या लोकांचे अर्धे महत्त्वाचे कागद तिथंच पडलेले असतात. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' बऱ्याच जीबीचं निघतं, नवीन नीट चालत असेल तर ते काढायला हरकत नाही. तरी जागा कुठं गेली कळेना तर विनडिरस्टॅट नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, मोठी फाइल म्हणजे मोठा चौकोन असं चित्रच काढतं, माझ्याकडं एका दुकानाच्या जुन्या सॉफ्टवेअरचे रोजचे बॅकअप चार वर्षांचे साठलेले त्यातच सापडले. क्लीनर, बूस्टर असल्या ॲपच्या जाहिरातींना भुलू नका.

स्कॅनिंग करत असाल तर अजून एक. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) रंगीत स्कॅन केला तर कच्चा डेटा साधारण २६ एमबी होतो, तोच १५० डीपीआयला ग्रे केला तर २ एमबीच्या आसपास. पट्टी वाचायला तेवढं पुष्कळ झालं. मी हे सेटिंग बदलल्यापासून वर्षाचे कागद एका पेन ड्राइव्हवर मावतात.

पीडीएफ लहान करायला लोक गुगलवर शोधून पहिली जी साइट येईल तिच्यावर आधार, पासबुक चढवतात, हे नका करू. पीडीएफ२४ क्रिएटर लॅपटॉपवर बसवा, फुकट आहे, नेट नसताना पण चालतं. फोटो लहान करायला स्क्वूश नावाची साइट आहे, फोटो तुमच्या ब्राउझरमध्येच लहान होतो, कुठं अपलोड होत नाही. आधार द्यायचंच असेल तर पहिले ८ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार चालतंय का विचारा. आणि वर्ड, एक्सेलच्या कामाला लिबरऑफिस वापरा, मराठी टायपिंग व्यवस्थित होतं.

दुकानवाल्याच्या म्हणण्यात एक खरं आहे, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तुमच्या मशिनवर विंडोज ११ बसत असेल तर फुकट अपडेट होतं. बसत नसेल आणि काम फक्त नेट, मेल, टायपिंग एवढंच असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम छान चालते, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मात्र ते जमणार नाही. आतली हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, नव्या लॅपटॉपच्या मानानं खर्च थोडका आणि फरक चालू करतानाच कळतो. काढलेली डिस्क दुकानात सोडू नका, तिला यूएसबीचं कव्हर मिळतं, तीच दुसऱ्या घरात ठेवायची डिस्क झाली.

लॅपटॉपचं स्टोरेजचं पान उघडून सगळ्यात जास्त जागा खाणाऱ्या तीन गोष्टींचे आकडे आणि लॅपटॉपचा प्रोसेसर कुठला ते खाली लिहा, मग एसएसडीची गरज आहे का ते सांगतो.